‘हे तर आमच्याच घरातलं!’ : वाचताना उठणाऱ्या आठवणींचं वाचनगटात काय करायचं?

अर्धविराम (रविवार, रात्री ९:१०)

वाचनगट चालवणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. एकट्याने नेटाने वाचणाऱ्यांनाही उपयोग व्हावा.

पुस्तकावर बोलायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत दोन वाक्यं हमखास येतात. एक, ‘हे तर अगदी आमच्याच घरातलं.’ दुसरं, ‘छे, असं कुठे असतं का?’ दोन्ही पुस्तकाबद्दलची वाटतात, पण खरं तर बोलणाऱ्याच्या आयुष्याबद्दल सांगत असतात. पहिल्या वाक्यानंतर गप्पा आठवणींकडे वळतात आणि पुस्तक मिटून मांडीवर पडून राहतं. दुसऱ्यानंतर वाद होतो, तरी पुस्तक उघडलं जात नाही ते नाहीच.

‘आठवणी सांगायच्या नाहीत’ असा नियम करून भागत नाही. लोक आठवण बोलायचं थांबवतात, पण मत त्याच आठवणीवरून बनवतात. मग ते मत आलं कुठून हे कुणालाच कळत नाही, बोलणाऱ्यालाही नाही.

म्हणून तीन प्रश्न:
१. वाचताना उठलेली आठवण नेमकी नोंदवायची कशी?
२. ती अर्थाला हात देते की आड येते, हे कशावरून ठरवायचं?
३. बैठकीत वेळ आणि क्रम कसा राखायचा?

सगळ्यांसमोर एकच नमुना असावा म्हणून ‘श्यामची आई’मधलं पोहण्याचं प्रकरण धरू. साने गुरुजींनी पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, छापून आलं १९३५ साली. गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षांची स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) मुदत संपलेली आहे, त्यामुळे छायाप्रती वाटायला अडचण नाही. प्रकरण लहान आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. श्याम पोहायला जायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारून घराबाहेर काढते. या एका प्रसंगावर कुठल्याही गटात निदान तीन तट पडतात: आईचं बरोबर, आईचं चूक, आणि ‘तो काळच तसा होता’.

एक विनंती. स्वतःच्या हकिगती इथे नकोत, पद्धत सांगा. काय करायचं, कितीदा करायचं, कुठे बिघडतं.

---

कोरा_रकाना (रविवार, रात्री १०:०२)

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आठवण नंतर विचारली की ती सजवून येते. म्हणून खूण वाचतानाच करायची, पण वाचन न मोडता. डेन्मार्कमधल्या सायलमन आणि लार्सन या दोघांनी १९८९ साली मांडलेली रीत सोपी आहे. वाचणाऱ्याने मजकूर सरळ वाचत जायचा. काही आठवलं की समासात पेन्सिलीने नुसती रेघ मारायची. एक अक्षरही लिहायचं नाही. वाचून झाल्यावर परत पहिल्या रेघेपासून सुरुवात करून प्रत्येक रेघेला काय आठवलं होतं ते लिहायचं.

आपल्यासाठी तिचं वहीतलं रूप असं. शंभरपानी वही, आडवी धरून तीन रकाने:

पहिला रकाना (पानाचा चौथा हिस्सा): पृष्ठ आणि ज्या शब्दांपाशी रेघ मारली ते शब्द जसेच्या तसे. प्रसंगाचा सारांश नको. ‘आई मारते तिथे’ असं लिहिलं की संपलं, कारण मग तुम्ही पुस्तकातल्या वाक्याला उत्तर देत नसता, तुमच्या मनातल्या मारण्याला देत असता. ‘शिंपटी’ हा शब्द टोचला असेल तर तेवढाच लिहा.

दुसरा रकाना (अर्धं पान): काय आठवलं. कमाल तीन ओळी.

तिसरा रकाना (उरलेला चौथा): एक अक्षर. ‘घ’ म्हणजे स्वतःच्या बाबतीत घडलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘वा’ म्हणजे दुसरीकडे वाचलेलं किंवा पडद्यावर पाहिलेलं.

तिसरा रकाना लोक गाळतात, आणि तोच सगळ्यात कामाचा. त्या दोघांना असं दिसलं होतं की साहित्यिक मजकूर काय आणि माहितीपर मजकूर काय, आठवणींची संख्या साधारण सारखीच येते. पण साहित्य वाचताना ‘मी स्वतः तिथे काही करत होतो’ अशा आठवणी जवळपास दुप्पट येतात. म्हणजे तुमच्या वहीत ‘वा’च ‘वा’ भरले असतील तर पुस्तक अजून तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, किंवा तुम्ही ते माहितीसारखं वाचता आहात.

या पुस्तकात ‘वा’ची एक खास अडचण आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट इतक्या घरांत पोचला आहे की वाचताना आई म्हणून वनमालाबाईंचाच चेहरा समोर येतो, आणि पडद्यावरचं वाक्य पुस्तकातलं म्हणून सांगितलं जातं. अशा नोंदीला ‘वा’ लिहून पुढे ‘चि’ जोडा आणि ते वाक्य छापील पानावर शोधा. सापडलं नाही तर नोंद खोडू नका, पण पुस्तकाच्या खात्यात धरू नका.

लहान प्रकरणाला पाच ते बारा रेघा येतात असं धरून चाला. तीस आल्या तर वाचन मोडलं आहे असं समजा आणि दोन दिवसांनी रेघ न मारता पुन्हा एकदा वाचा.

---

मनोमुकुर (सोमवार, सकाळी ७:४५)

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याच घरात हजार वर्षांपूर्वीचं चांगलं अवजार पडून आहे. ते वापरात आणावं असं मनापासून वाटतं.

संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. ती नाट्याच्या संदर्भात आहेत, पण वाचनाला तशीच्या तशी लागू पडतात. त्यातली चार इथे कामाची:

संभावनाविरह. ‘असं घडूच शकत नाही’ असं वाटणं. अर्धविराम यांचं दुसरं वाक्य हेच.

स्वगत-परगताचा आग्रह. हे सुखदुःख माझंच आहे किंवा फक्त त्या परक्याचंच आहे, असं घट्ट धरून बसणं. ‘आमच्याच घरातलं’ हे पहिल्या जातीचं, ‘तो काळच तसा होता’ हे दुसऱ्या जातीचं. दोन्ही एकाच विघ्नाची दोन टोकं आहेत, हे त्या माणसाने ओळखलं होतं.

निजसुखादिविवशीभाव. स्वतःच्या सुखदुःखाने इतकं व्यापलेलं असणं की समोरच्या वस्तूवर मन ठरत नाही.

प्रतीत्युपायवैकल्य. कळण्याची साधनंच अपुरी असणं. बोली न समजणं, रीत माहीत नसणं.

यात अनुभवाला हाकलून दिलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. उलट, संस्कार नसलेल्या प्रेक्षकाला आस्वाद नाही असं ही परंपरा बजावून सांगते. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात उद्धृत केलेल्या धर्मदत्ताच्या श्लोकात वासना नसलेले प्रेक्षक म्हणजे नाट्यगृहातली लाकडं, भिंती आणि दगड. वासना म्हणजे इथे मनात मुरलेले अनुभवाचे संस्कार. तेव्हा अनुभव हवाच, पण त्याने व्यापून टाकता कामा नये, असा हा तोल आहे. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ मांडली तीही याच वाटेवरची: वाचक पात्राशी समरस होतो, पण आपलं वेगळेपणाचं भान सोडत नाही.

आता वापर. गटप्रमुखाने प्रत्येक ठाम मताला मनातल्या मनात यांतलं एक नाव द्यावं. मोठ्याने देऊ नये, लोक दुखावतात. नाव ठरलं की उपाय ठरतो, कारण प्रत्येक विघ्नाला उपायही तिथेच सांगितला आहे. निजसुखादिविवशीभावाला वाद्यं, गायन, सजवलेला मंडप, म्हणजे मन हलक्या हाताने तिकडून इकडे आणणारं काहीतरी. वाचनगटात मंडपाचं काम आवाज करतो. चर्चेआधी दहा मिनिटं मूळ मजकुराचं अभिवाचन. एकाने, सावकाश, अभिनय न करता. दिवसभराची कामं डोक्यात घेऊन आलेली माणसं त्या दहा मिनिटांत पानावर येतात.

---

शेवटचं_पान (सोमवार, दुपारी १:२०)

मनोमुकुर, फार उपयोगी प्रतिसाद. त्याला एक जोड देतो आणि थोडा विरोधही नोंदवतो.

जोड अशी. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव, काळ काहीही न देता कविता दिल्या आणि त्यांची लेखी मतं गोळा केली. १९२९ च्या पुस्तकात अशा तेरा कवितांवरची मतं आहेत. कुठे बिघडतं याची त्याने दहा कलमी यादी केली. ‘असंबद्ध आठवणी’ हे त्यातलं एक कलम, आणि ‘साचेबंद प्रतिसाद’ हे दुसरं. हे दोन वेगळे आहेत. आई म्हटलं की डोळे भरून येणं हे बहुतेक वेळा साचेबंद असतं. त्यात वाचणाऱ्याची खास अशी आठवण एकही नसते. त्यामुळे कोरा_रकाना यांच्या वहीत दुसरा रकाना रिकामा आणि तरी भावना प्रचंड, अशी नोंद आली तर साचा पकडला गेला असं समजावं.

त्याचा एक नियम उचलावा असा आहे. एका बैठकीत मजकूर चार वेळा वाचला तरी ते एकच वाचन मोजायचं. दुसऱ्या दिवशी परत घेतला तर दुसरं. मताच्या वर किती वाचनांनंतरचं मत आहे हा आकडा लिहायचा. गटात हे सुरू करा, एका वाचनाचं मत आणि चार वाचनांचं मत यांना सारखं वजन देणं आपोआप थांबतं.

निनावी कवितेचा प्रयोग मराठीत करताना एकच चूक टाळा: पाठ्यपुस्तकात येऊन गेलेली कविता घेऊ नका. पहिल्या ओळीलाच वर्ग, बाक, चाल सगळं उभं राहतं आणि प्रयोग तिथेच संपतो.

विरोध असा. रिचर्ड्सची यादी काय किंवा विघ्नांची यादी काय, दोन्हींत आठवण ‘अडथळा’ म्हणून पहिल्यांदा दिसते. लुईज रोझेनब्लॅट या अमेरिकी साहित्य-अभ्यासक बाईंनी १९३८ मध्ये आणि पुढे १९७८ मध्ये हा क्रम बदलला. तिच्या मते कविता छापील पानावर नसतेच. पान आणि वाचणारा यांच्यात त्या वेळी जे घडतं ती कविता. मग वाटेल तो अर्थ चालतो का? नाही. तिने दोन कसोट्या दिल्या, आणि त्या अर्धविराम यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर आहेत:

एक, तुमच्या अर्थाला मजकुरातला कुठलाही भाग खोटं पाडत नाही ना?
दोन, मजकुरात शब्दाचा आधार नाही असं काही तुम्ही आत घातलेलं नाही ना?

पोहण्याचं प्रकरण या कसोट्यांवर लावा. ‘आई क्रूर आहे’ हा अर्थ पहिल्या कसोटीवर अडतो, कारण मारण्यापाशी प्रकरण संपत नाही. पोहून आल्यानंतरचं आई-मुलाचं बोलणं पुढे आहे, तेवढं कापून हा अर्थ उभा राहतो. ‘मारलं म्हणूनच मुलं घडतात’ हा अर्थ दुसऱ्या कसोटीवर अडतो. प्रसंग एका मुलाचा, एका भीतीचा आहे. सगळ्या मुलांबद्दलचा नियम वाचणाऱ्याने आणलेला. दोन्ही तटांना एकाच मापाने मोजता येतं, म्हणून मला ही रीत न्याय्य वाटते.

---

दुपारची_वेळ (सोमवार, दुपारी २:०५)

शेवटचं_पान यांच्याशी सहमत. एक भर. त्या प्रकरणात सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, रात्री मित्रांना हकिगत सांगतो आहे. मार खाणारा मुलगा आणि ती गोष्ट कृतज्ञतेने सांगणारा माणूस यांच्यामध्ये बरीच वर्षं गेली आहेत. वाचणारा यांतल्या कुणाशी जोडला गेला आहे हे आधी विचारा. तरुण पालक बहुतेक मुलाच्या जागी उभे राहतात, वयस्कर वाचक सांगणाऱ्याच्या. दोघं एकाच वाक्यावर भांडतात, पण उभे वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

---

पाणवठा (सोमवार, रात्री ८:३०)

संभावनाविरहाबद्दल सविस्तर लिहिणं गरजेचं आहे, कारण मराठी वाचनगटांत सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो आणि त्याची किंमत नेहमी त्याच त्या लोकांना मोजावी लागते.

१९७८ मध्ये ‘बलुतं’ आलं, पाठोपाठ इतर दलित आत्मकथनं आली. ही पुस्तकं मिश्र गटात वाचली की तीन गोष्टी घडतात. ‘अतिशयोक्ती वाटते’ असं कुणीतरी म्हणतं. ‘आता असं राहिलं नाही’ असं दुसरं कुणी म्हणतं. आणि मग सगळ्यांच्या माना गटातल्या एका माणसाकडे वळतात, की तू सांग, खरं आहे का. हे तिसरं सर्वांत वाईट. त्या माणसाला वाचकाच्या खुर्चीतून उठवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. त्यालाही वाक्यरचनेवर, विनोदावर, शेवटावर बोलायचं असू शकतं. ते कुणी विचारत नाही.

उपाय तीन, आणि ते बैठकीच्या आधीचे आहेत.

पहिला. ‘असं कुठे असतं का’ याला माणसाने उत्तर द्यायचं नाही, कागदाने द्यायचं. अर्ध्या पानाचं टिपण आठवडाभर आधी वाटा, त्यात निव्वळ घटना आणि सनावळी. पाण्याचा प्रसंग असलेलं पुस्तक असेल तर एवढं पुरे: १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, तरीही चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, आणि तळं खुलं असल्याचा निर्णय उच्च न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडलं. हे चार आकडे वाचलेला माणूस ‘अतिशयोक्ती’ हा शब्द उच्चारण्याआधी थांबतो. अभिनवगुप्ताने या विघ्नावर प्रख्यात कथावस्तूचा उपाय सांगितला, तोही याच कारणाने: सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर अविश्वास बसत नाही.

दुसरा. शब्दांची यादी. अपरिचित बोलीतले, कामधंद्यातले, नात्यांचे दहा-बारा शब्द, अर्थासह. बाराच्या वर नको, नाहीतर लोक यादी वाचतात आणि पुस्तक राहतं. अर्थ देताना प्रमाण मराठीतला ‘शुद्ध’ पर्याय म्हणून देऊ नका. तो शब्द कोण, कुणाला, कधी म्हणतं ते द्या.

तिसरा. प्रश्नाची भाषा. ‘तुमच्या समाजात असं होतं का?’ हा प्रश्न गटप्रमुखाने तिथेच थांबवायचा आणि असा वळवायचा: ‘हे खरं नसावं असं तुम्हाला नेमकं कुठल्या वाक्यापाशी वाटलं?’ मग शंका घेणाऱ्याला स्वतःची वही उघडावी लागते. बहुतेकदा तिथे आठवण नसते, आठवणीचा अभाव असतो. अनुभव नसणं हाही वाचनाला आकार देणारा अनुभवच आहे, आणि त्याची नोंद सहसा कुणी करत नाही. कोरा_रकाना, तिसऱ्या रकान्यात ‘ना’ हे चौथं अक्षर घालाल का? ‘याच्याशी जुळणारं माझ्याकडे काहीच नाही’ या अर्थी.

---

कोरा_रकाना (सोमवार, रात्री ८:५२)

घातलं. आधी सुचायला हवं होतं. ‘ना’ची रेघ मात्र उठून दिसावी, म्हणून ती आडवी न मारता उभी मारावी. आठवण उठली की आडवी, काहीच उठलं नाही पण पाय अडखळला की उभी.

---

माणदेशी (मंगळवार, सकाळी ६:५५)

अनुभव म्हटलं की सगळे माणसांच्या अनुभवाकडे जातात. जमीन-पाण्याचा अनुभवही तितकाच वाचतो.

‘पाऊस सुरू झाला’ हे तीन शब्दांचं साधं वाक्य घ्या. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका वाचकाला या वाक्यात वाट अडलेली दिसते, दुसऱ्याला वाट पाहणं संपलेलं दिसतं. १९५५ च्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने गाव उठून जातं. ज्याने कोरडं आभाळ पाहिलेलं नाही तो शेवटच्या भागातला ओघ ‘संथ’ म्हणतो. तो संथपणा म्हणजे पावसाची वाट पाहण्याचा वेळ आहे, आणि लेखकाने तो तेवढाच ठेवला आहे.

रीत अशी. चर्चेआधी पुस्तकातली दोन साधी नामं निवडा: पाऊस, विहीर, वाडा, रस्ता, चूल, यांतली. प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं, ‘हा शब्द वाचला तेव्हा डोळ्यांपुढे काय आलं’. रंग, आकार, खोली, आवाज. नाव-गाव नको. पाच मिनिटांत होतं. चिठ्ठ्या एकत्र वाचून दाखवा. मग मूळ परिच्छेद परत वाचा आणि कुठली चिठ्ठी मजकुरात बसते ते बघा. ‘वाडा’ या एका शब्दावर चौसोपी घरापासून गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत चिठ्ठ्या येतात, आणि पुस्तकातला वाडा कुठला हे ठरल्याशिवाय पुढची चर्चा निरर्थक असते.

यात चूक कुठे होते? शब्द भावनेचे घेतले की. ‘माया’, ‘दुःख’, ‘घर’ असे शब्द दिले की लोक सुविचार लिहितात. डोळ्यांना दिसणारीच नामं द्या.

---

उत्तरायण (मंगळवार, रात्री ११:४०)

परदेशातल्या मराठी गटांसाठी दोन मुद्दे.

दूर राहणाऱ्याला गावाकडचं वर्णन असलेला जवळपास कुठलाही मजकूर गोड लागतो. शेणाने सारवलेली जमीन आली की ती कुणी सारवली, रोज किती वाजता उठून, हे वाचायचं राहून जातं. वर माणदेशींनी सांगितलेल्या चिठ्ठीत म्हणून एक प्रश्न वाढवा: ‘या दृश्यात काम कोण करतं आहे?’ उत्तर पानावरून द्यायचं. गोडवा कमी करायची गरज नाही, पण वर्णनातली माणसं परत दिसायला लागतात.

दुसरं, न जुळणारा अनुभव वाचक कसा भरून काढतो याचे दोन जुने दाखले गटात सांगण्यासारखे आहेत. बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने (१९३२) इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा दोनदा वाचायला दिली आणि पंधरा मिनिटांनी, मग काही दिवस-महिन्यांच्या अंतराने परत लिहून घेतली. सीलची शिकार करायला निघालेले तरुण हळूहळू मासेमारीला गेले, डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, आणि कथेतली भुतं पुष्कळांच्या लिखाणातून गळूनच गेली. कुणी खोटं लिहीत नव्हतं. जे ओळखीचं नव्हतं ते ओळखीचं करून घेतलं गेलं.

दुसरा दाखला लॉरा बोहॅनन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा, १९६६ चा. पश्चिम आफ्रिकेतल्या तिव लोकांच्या ज्येष्ठांना तिने ‘हॅम्लेट’ची गोष्ट सांगितली. राजा मेल्यावर धाकट्या भावाने त्याच्या विधवेशी लगेच लग्न केलं, हे त्यांना अगदी योग्य वाटलं. दोन वर्षं थांबायचं तर तिची शेती कोण करणार? म्हणजे नाटकाची पहिली ठिणगीच तिथे पेटत नाही. आणि मेलेल्या बापाचं भूत त्यांना मान्य नव्हतं, ते चेटक्याने पाठवलेलं अपशकुनी रूप असणार.

बार्टलेटची रीत गटात घरच्या घरी करता येते. पोहण्याचं प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवा, पंधरा मिनिटं दुसरं काही करा, मग प्रत्येकाने प्रसंग दहा ओळींत लिहायचा. पुढच्या बैठकीत, महिन्याने, न बघता परत दहा ओळी. दोन्ही कागद मूळ मजकुराशेजारी ठेवा. काय गळलं, काय वाढलं, काय बदललं अशा तीन खुणा करा. पहिल्या कागदावर गळालेलं फारसं बोलत नाही. महिन्यानंतरच्या कागदावर जे वाढलेलं असतं ते बघा. ते बहुतेक वाचणाऱ्याच्या घरून आलेलं असतं.

---

ग्रंथपाल_तालुका (बुधवार, सकाळी १०:१५)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून वेळापत्रक देतो. माणसं आठ ते दहा, वेळ दीड तास. बारापेक्षा जास्त झाली तर दोन गट करा.

पहिली १० मिनिटं: अभिवाचन.
पुढची ५: चिठ्ठ्या.
पुढची २०: फक्त पहिला रकाना. प्रत्येकाने पृष्ठ आणि शब्द वाचायचे, बाकी काही नाही. फळ्यावर लिहीत जा. एकाच शब्दाला चार जणांच्या रेघा आल्या की चर्चेची जागा सापडली.
पुढची २५: त्या जागांवर दुसरा रकाना. आठवण दोन मिनिटांत. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या, गटप्रमुखाच्या नको, म्हणजे थांबवणारा आणि ऐकणारा वेगळा राहतो.
पुढची २५: रोझेनब्लॅटच्या दोन कसोट्या.
शेवटची ५: प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, ‘माझं कुठलं मत हललं’. हललं नसेल तर ‘नाही’ एवढंच.

बिघाड तीन ठिकाणी होतो. आठवण पाच मिनिटांच्या पुढे गेली की ऐकणारे सांत्वन करू लागतात, आणि सांत्वन सुरू झालं की मतभेद बोलता येत नाही. म्हणून दोन मिनिटं. दुसरं, पहिला बोलणारा सगळ्यांचा सूर ठरवतो. म्हणून पहिल्या फेरीत फक्त शब्द, मत नाही. तिसरं, वयाने किंवा मानाने मोठी व्यक्ती ‘आमच्या वेळी’ असं म्हणाली की तरुण गप्प होतात. अशा मोठ्यांना शेवटी बोलायची विनंती बैठकीआधी, बाजूला घेऊन, आदराने करायची. सगळ्यांसमोर केली तर ती अपमानासारखी वाटते.

---

अर्धविराम (बुधवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांचे आभार, छापून ठेवते आहे. एक शंका उरते. वाचताना उठलेली आठवण जखमेसारखी असेल तर? या प्रकरणातच मार आहे. कुणाला तो वाचवत नसेल.

---

निशिगंध (बुधवार, रात्री ९:२०)

ही शंका विचारली हे बरं झालं, कारण ‘साहित्य मन मोकळं करतं’ या भरवशावर गट पुढे रेटले जातात आणि माणसं दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

आधी सांगा: मजकुरात काय आहे ते आमंत्रणातच एका ओळीत. ‘मुलाला मारण्याचा प्रसंग आहे.’ कथा उघड होईल या भीतीने हे टाळू नका.

दुसरा रकाना खाजगी. वही कुणी कुणाची मागायची नाही. बैठकीत ‘इथे माझी रेघ आहे, बोलणार नाही’ हे पूर्ण उत्तर मानायचं आणि कारण विचारायचं नाही. गटातल्या सगळ्यांनी एकदा तरी हे वाक्य वापरावं, म्हणजे ज्याला खरंच हवं असेल त्याच्याकडे बोट राहत नाही.

कुणी रडलं तर पाणी द्या, पाच मिनिटं थांबा, आणि परत सुरू करायचं का हे त्याच व्यक्तीला विचारा. सगळ्यांनी सल्ले द्यायचे नाहीत. नंतर एकाच माणसाने फोन करावा, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. वाचनगट उपचार करू शकत नाही. झोप उडणं, तोच प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येणं असं चालू राहिलं तर समुपदेशकाकडे जायचं सुचवावं.

आणि निजसुखादिविवशीभाव हे नाव अशा माणसाला लावू नये. मनोमुकुर, तुमची मांडणी मला पटते, पण ‘विघ्न’ हा शब्द दुखणाऱ्या माणसावर पडला की तो दोषासारखा ऐकू येतो.

---

मनोमुकुर (बुधवार, रात्री ९:५८)

मान्य. अभिनवगुप्ताच्याच ‘लोचन’ या टीकाग्रंथातली सहृदयाची (जाणत्या रसिकाची) व्याख्या इथे जास्त जवळची आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, ज्यांना वर्ण्य विषयाशी तन्मय होता येतं, ते सहृदय. ‘अभ्यासवशात्’ असा शब्द आहे त्यात. म्हणजे आरसा एका बैठकीत स्वच्छ होत नाही, आणि तो पुसण्याची घाई दुसऱ्याने करायची नसते. तुमच्या सूचना वेळापत्रकाच्या वर, पहिल्या ओळीत जाव्यात.

---

शेवटचं_पान (गुरुवार, सकाळी ८:१०)

एक तांत्रिक बाब राहिली. गटात एकाच पुस्तकाच्या चार आवृत्त्या असतात, पृष्ठक्रमांक जुळत नाहीत आणि फळ्यावरचं सगळं कोसळतं. म्हणून पृष्ठाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद क्रमांक लिहा. संवादाची प्रत्येक नवी ओळ वेगळा परिच्छेद धरायचा की नाही, हे आधी ठरवा. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी मिनिट-सेकंद लिहून ठेवावेत आणि बैठकीआधी कुणाच्या तरी छापील प्रतीत ती जागा शोधून घ्यावी. ऐकताना रेघ मारता येत नाही, तिथे बोटाने मोजण्यापेक्षा जपमाळेचा मणी ओढणं सोपं पडतं.

---

कोरा_रकाना (गुरुवार, सकाळी ८:४०)

हे घालून वहीच्या पहिल्या पानाचा अंतिम मसुदा:

पुस्तक / आवृत्ती / कितवं वाचन / तारीख.
रकाना १: प्रकरण, परिच्छेद, नेमके शब्द.
रकाना २: आठवण, तीन ओळी. खाजगी.
रकाना ३: घ, ऐ, वा (चित्रपट असेल तर वाचि), ना.
तळाशी: महिन्याने परत वाचल्यावर कुठल्या रेघा टिकल्या.

शेवटची ओळ वेगळ्या रंगाने भरा. पहिल्या वेळच्या रेघा न बघता, कोऱ्या प्रतीवर परत वाचायचं आणि मग ताडून पाहायचं. प्रत एकच असेल तर समासावर कागदाची पट्टी लावून झाका.

---

अर्धविराम (गुरुवार, दुपारी १२:०५)

पुढच्या बैठकीत हाच मसुदा वापरते, पोहण्याच्या प्रकरणावर. महिन्यानंतरच्या कागदांवर काय वाढलं ते नावांशिवाय इथे लिहीन. तोवर कुणी ‘वाडा’ किंवा ‘पाऊस’ यांच्या चिठ्ठ्या करून पाहिल्या तर कुठला परिच्छेद घेतला तेही कळवा.